फाळके घडले कुठे? : कलाभवन ते ‘राजा हरिश्चंद्र’

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. गिरगावातल्या एका तंबूवजा थिएटरात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, पडद्यावर येशूच्या जागी त्यांना राम-कृष्ण दिसू लागले, ते झपाटले, बायकोचे दागिने मोडले, विलायतेला गेले, कॅमेरा आणला आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. गोष्ट छान आहे, आणि बऱ्याच अंशी खरीही आहे. पण मी पेशाने इंजिनिअर. तीस वर्षं मशीनच्या संगतीत काढल्यावर एक गोष्ट अंगात भिनते : नुसतं झपाटून जाऊन कुणाला मशीन चालवता येत नाही. हात आधी तयार व्हावे लागतात.

चित्रपट पाहिला तेव्हा फाळके चाळिशीत होते. त्यानंतर साधारण दोन वर्षांत त्यांनी पूर्ण लांबीचा कथापट काढून दाखवला. कॅमेरा, फिल्म, रसायनं, नेपथ्य, रंगभूषा, छपाई, सगळं बघणारा माणूस एकच. हे दोन वर्षांत शिकून होत नाही. त्याआधीच्या पंचवीस वर्षांत ते शिकले होते, आणि त्या पंचवीस वर्षांतला महत्त्वाचा तुकडा आपल्या बडोद्यातला आहे. चरित्रांमध्ये तो एका परिच्छेदात उरकलेला असतो. म्हणून हा निबंध.

बडोद्याला येण्याआधी

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. पुढे त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आलं. म्हणजे घरात पुराणकथा रोजच्या, आणि दारात मुंबई. मुलाचा हात चित्रकलेत बरा होता. १८८५ मध्ये तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला आणि रेखाटनाचा वर्षभराचा अभ्यासक्रम त्याने पुरा केला. पुढच्या वर्षी, १८८६ मध्ये, थोरले बंधू शिवरामपंत यांच्याबरोबर तो बडोद्याला आला.

शास्त्र्याच्या मुलाने हातात ब्रश आणि कॅमेरा धरायचा, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. चित्रकार, फोटोग्राफर, छापखानेवाले ही कारागिरांची कामं समजली जात. पण बडोदं तेव्हा अशा मुलांना सोयीचं होतं. सयाजीराव महाराजांना राज्यकारभाराचे अधिकार मिळून जेमतेम पाच वर्षं झाली होती, लक्ष्मीविलास राजवाड्याचं काम चालू होतं आणि चित्रकार, शिल्पकार, कारागीर यांची शहरात सतत ये-जा होती.

१८८६ की १८९०?

इथे तारखांचा एक घोळ सोडवला पाहिजे. बऱ्याच ठिकाणी आपण वाचतो की फाळके १८८६ मध्ये बडोद्याच्या कलाभवनात दाखल झाले. तसं होणं शक्य नाही. कलाभवन सुरू झालं १८९० मध्ये. म्हणजे बडोद्याला येणं ही एक घटना आणि कलाभवनाशी संबंध येणं ही दुसरी. मधली तीन-चार वर्षं फाळके बडोद्यात होते, तैलरंग आणि जलरंग शिकत होते, वास्तुकलेचे आणि प्रतिकृती बनवण्याचे धडे घेत होते. १८९० च्या सुमारास त्यांनी कॅमेरा घेतला. त्याच वर्षी शहरात कलाभवन उघडलं. वीस वर्षांच्या, हातात नवा कॅमेरा असलेल्या मुलासाठी याहून चांगला योग कोणता?

कलाभवन म्हणजे फक्त चित्रशाळा, असा नावावरून अनेकांचा गैरसमज होतो. इथे ‘कला’ हा शब्द जुन्या, हुन्नर या अर्थाने आहे. चित्रकला होतीच, पण सुतारकाम, यंत्रकाम, कापडाची रंगाई आणि छपाई हेही तिथे शिकवलं जाई. आजच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखा याच कलाभवनातून निघाली.

संस्थेचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. सुरतेचे, बडोदा कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक. या माणसाचं नाव महाराष्ट्रात फारसं कुणाला ठाऊक नाही. मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं गेलं तेव्हा ते डाग रसायनांनी काढून देणारे गज्जर हेच. बडोद्याचा अलेंबिक हा रासायनिक कारखाना १९०७ मध्ये उभा राहिला त्यामागेही गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटीभास्कर, अमीन ही मंडळी होती. गज्जरांचा आग्रह असा, की तंत्रशिक्षण मातृभाषेत द्यायचं. इंग्रजी येत नाही म्हणून रंगाऱ्याचा मुलगा रसायनशास्त्रापासून दूर राहता कामा नये. त्यामुळे कलाभवनात गुजराती आणि मराठीतून शिकवलं जाई, आणि शास्त्रीय परिभाषेचे कोश करण्याचं कामही गज्जरांनी महाराजांच्या आश्रयाने हाती घेतलं होतं.

फाळक्यांमधली धडपड गज्जरांनी ओळखली. फोटोग्राफीचा स्टुडिओ, प्रयोगशाळा आणि तिथली पुस्तकं त्यांनी या तरुणाला वापरायला दिली. पुढे ब्लॉक बनवण्याचं आणि फोटोलिथोचं काम शिकायला त्याला रतलामला पाठवलं. आज हे वाचताना सहज वाटतं. पण विचार करा : फोटो काढणं ही एक विद्या, फोटोवरून छापायचा ब्लॉक करणं ही दुसरी. पहिलीत प्रकाश पकडायचा, दुसरीत त्या प्रकाशाची हजारांनी नक्कल काढायची. चित्रपटाच्या धंद्याला नेमक्या या दोन्ही लागतात. चित्रपट ही कल्पनाच अजून जन्मली नव्हती, तेव्हा फाळक्यांच्या हाताला दोन्ही सवयी लागल्या होत्या.

१८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीसाठी त्यांना सुवर्णपदक मिळालं. चित्रकला, वास्तुकला आणि नाटक या तीन आवडी त्या एका लाकडी प्रतिकृतीत एकत्र आल्या होत्या.

रविवर्म्याचा हरिश्चंद्र

याच वर्षांत बडोद्यात आणखी एक घटना घडली. सयाजीरावांनी १८८८ मध्ये राजा रविवर्मा यांना राजवाड्याच्या दरबार हॉलसाठी चौदा पौराणिक चित्रं काढायला सांगितली होती. नल-दमयंती, शंतनू-मत्स्यगंधा, विश्वामित्र-मेनका, द्रौपदीवस्त्रहरण असे विषय होते. त्या चौदांत हरिश्चंद्र आणि तारामतीचंही चित्र आहे. चित्रं तयार होऊन बडोद्याला आली आणि राजवाड्यात लागण्याआधी सर्वसामान्य लोकांना पाहायला ठेवली गेली. लोकांनी ती बघायला गर्दी केली. देव आणि पुराणपुरुष असे हाडामांसाचे, मागे खरा वाटणारा महाल, अंगावर खरं वाटणारं रेशीम, हे बहुतेकांनी आधी पाहिलं नव्हतं.

त्या वेळी फाळके बडोद्यातच होते, चित्रकलेचे विद्यार्थी होते. वीस-बावीस वर्षांनी त्यांनी पहिल्या कथापटासाठी विषय निवडला तो हरिश्चंद्राचा. ‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळं उरली आहेत त्यांत सुरुवातीला राजा, राणी आणि राजपुत्र रोहिदास दिसतात, राजा मुलाला धनुष्यबाण शिकवतो आहे. पात्रांची उभं राहण्याची ढब, मागची कमान, दागिने, साडीच्या निऱ्या, सगळी मांडणी रविवर्म्याच्या शाळेतली आहे हे कुणालाही दिसेल.

आणखी एक धागा. रविवर्म्यांनी आपल्या चित्रांच्या रंगीत छापील प्रती काढाव्यात, म्हणजे ती घरोघर जातील, ही सूचना दिली होती सर टी. माधवराव यांनी. माधवराव १८७५ ते १८८२ या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्या सूचनेतून १८९० च्या दशकात रविवर्मा प्रेस निघाला. आणि याच प्रेसच्या कामावर पुढे फाळक्यांचं काही वर्षं पोट चाललं. त्याकडे आपण येऊच.

गोध्रा

कलाभवनानंतर फाळक्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. गोध्रा म्हणजे पंचमहालचं मुख्य ठिकाण, इंग्रजी अंमलातलं. तिथे कचेऱ्या होत्या, अंमलदार होते, म्हणजे फोटो काढून घेणारी गिऱ्हाइकं होती. धंदा बऱ्यापैकी बसला.

कोरड्या काचेच्या प्लेटांवर फोटो काढण्याचा तो काळ. त्या प्लेटांची एक खोड होती. निळा रंग त्यांना पटकन दिसे, तांबडा जवळपास दिसतच नसे. लाल पागोटं फोटोत काळं उतरायचं, आणि निळं आभाळ पांढरंफेक. गावोगावच्या फोटोग्राफरला हे रोजच्या अनुभवाने पाठ असायचं. १९१२ मध्ये मिळणारी सिनेमाची फिल्मही याच खोडीची होती. त्यामुळे नटाच्या ओठाला काय लावायचं, तारामतीची साडी कुठल्या रंगाची घ्यायची, महालाचा पडदा कशाने रंगवायचा, हे ठरवायला डोळ्याला दिसणारा रंग कामाचा नव्हता. तो रंग फिल्मवर कोणत्या करड्या छटेत उतरेल, हे आधीच दिसावं लागे. हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. काही हजार प्लेटा धुतल्यावर येतं.

मग १९०० सालाच्या सुमारास सगळं एकदम कोसळलं. गुजरातेत छप्पनियाचा दुष्काळ पडला होता आणि मुंबईकडून आलेला प्लेग गावं रिकामी करत होता. गोध्र्याच्या प्लेगमध्ये फाळक्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेली. तिशीतला हा माणूस स्टुडिओ बंद करून गोध्रा सोडून निघाला. चरित्रांत याला एक ओळ मिळते. पण पुढे त्यांच्या हरिश्चंद्रात, स्मशानात मृत मुलाला घेऊन बसलेल्या तारामतीचा प्रसंग येतो, तेव्हा तो प्रसंग उभा करणाऱ्याने काय पाहिलं होतं हे लक्षात ठेवावं.

पुन्हा बडोदं : बंद पडलेला स्टुडिओ

फाळके बडोद्याला परतले आणि त्यांनी पुन्हा फोटोग्राफीचा धंदा सुरू केला. तो चालला नाही. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती खेचून घेतो, फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अशी समजूत गावात पसरली होती. आज हसू येतं. पण घराघरांत प्लेगने माणसं टपाटप मरत असताना नव्या, न कळणाऱ्या यंत्राबद्दल अशी भीती पसरावी यात नवल नाही. प्लेगच्या वेळी लोक इस्पितळालाही घाबरत होतेच.

पोटासाठी फाळके मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले. संगीत नाटकांचा तो भरभराटीचा काळ, बडोद्यात दरबारचा आश्रय, आणि कंपन्यांचे मुक्काम नेहमीचे. राजवाडा, अरण्य, रस्ता असे ठरलेले पडदे असत. ते रंगवताना शेवटच्या रांगेतल्या माणसाला काय दिसेल याचा विचार करावा लागतो. जवळून पाहिलं तर भडक पट्टे, लांबून पाहिलं तर खांब. याच दिवसांत नाटकाची तालीम, रंगभूषा, पात्रांच्या हालचाली हे सगळं त्यांना विंगेतून बघायला मिळालं.

आणि याच काळात ते जादू शिकले, बडोद्यात आलेल्या एका परदेशी जादूगाराकडून. पुढे ते ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने प्रयोगही करत. ‘फाळके’ हे नाव उलटं फिरवलं की केल्फा. १९१६ च्या सुमारास त्यांनी केल्फाच्या जादूची एक छोटी फिल्मही काढली. सिनेमातल्या करामतींना ही विद्या थेट उपयोगी पडली. देव एकदम प्रकट होतो किंवा गुप्त होतो, तेव्हा पडद्यामागे एवढंच घडतं : कॅमेरा थांबवायचा, बाकीच्यांना तसंच उभं ठेवायचं, देवाला आत आणायचं किंवा बाहेर काढायचं, आणि पुन्हा हँडल फिरवायचं. तंत्र सोपं आहे. अवघड असतं ते प्रेक्षकाची नजर त्या क्षणी कुठे असावी हे ठरवणं. ते जादूगाराला येतं.

१९०२ मध्ये फाळक्यांचं दुसरं लग्न झालं. करंदीकरांच्या गिरिजाबाई लग्नानंतर सरस्वतीबाई झाल्या. त्यांच्याबद्दल पुढे बोलायचं आहे.

दगडावरचे रंग

१९०३ मध्ये फाळक्यांना पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी लागली. जुन्या वास्तूंचे फोटो काढायचे, मोजमापं घेऊन रेखाटनं करायची. तीन-एक वर्षांनी, स्वदेशीच्या वाऱ्यात, त्यांनी ती सोडली आणि लोणावळ्याला आपला छापखाना काढला. जवळच मळवलीला रविवर्मा प्रेस होता. तो एव्हाना श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला होता. त्या प्रेससाठी फाळके काम करत. पुढे छापखाना दादरला गेला, ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाला. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला ते जर्मनीला जाऊन आले.

रविवर्म्याच्या देवादिकांची रंगीत चित्रं शिळाछापावर निघत. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवायचे. यात सगळं यश एका गोष्टीवर असतं : प्रत्येक रंग बरोबर आपल्या जागी बसला पाहिजे. छापखान्यात याला रजिस्टर जुळवणं म्हणतात. केसभर चुकलं की लक्ष्मीचा ओठ गालावर जातो.

सिनेमा हाही रजिस्टर जुळवण्याचाच खेळ आहे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चित्रं बसतात आणि प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोकं असतात. दोन भोकांमधलं अंतर पावणेपाच मिलिमीटर. त्या भोकांत दाते अडकवून फिल्म पुढे सरकते. आता हिशोब करा. साधारण २४ मिलिमीटर रुंदीचं चित्र बारा फुटी पडद्यावर पडलं की ते दीडशेपट मोठं होतं. भोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाने चुकलं, तर पडद्यावर सगळा राजवाडा दीड सेंटिमीटरने हलतो. फाळक्यांनी सिनेमाचं यंत्र पहिल्यांदा उघडून पाहिलं तेव्हा ही अडचण त्यांना नवी वाटली नसणार.

छापखान्याच्या भागीदारांशी मात्र पटलं नाही आणि फाळके धंद्यातून बाहेर पडले. चाळिशीचा माणूस, घरात लहान मुलं, हाती पैसा नाही. गिरगावात ख्रिस्तपट पाहिला तो याच दिवसांत.

कुंडीतला वाटाणा

मग काही महिने त्यांनी मिळतील ते सगळे चित्रपट पाहिले, छोट्या प्रोजेक्टरवर फिल्मचे तुकडे लावून पाहिले. झोप कमी, ताण जास्त. डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासं झालं. उपचाराने ते बरे झाले. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी त्यांना मदत केली आणि सेसिल हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ दाखवला. विल्यमसन कॅमेरा, भोकं पाडायचं यंत्र आणि कच्च्या फिल्मची मागणी नोंदवून एप्रिलच्या सुरुवातीला ते परत आले. लंडनमध्ये राहिले जेमतेम दोन आठवडे. एवढ्या थोड्या वेळात काम भागलं, कारण त्यांना विचारायचे प्रश्न थोडे आणि नेमके होते. बाकीचं येतच होतं.

भांडवल देणाऱ्यांना पटवायला त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, त्याच्यासमोर कॅमेरा ठेवला आणि रोज थोडी थोडी चित्रं घेतली. महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. बी रुजतं, कोंब निघतो, वेल चढतो. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ती ओळखली जाते. सोळा चित्रं सेकंदाला धरली तर मिनिटभराला हजाराच्या आसपास चित्रं लागतात. कॅमेरा महिनाभर जागचा हलता कामा नये, उजेड रोज सारखा हवा. पुरातत्त्व खात्यात आणि छापखान्यात काम केलेल्या माणसाची ही शिस्त. पैसेवाल्यांनी पैसे दिले.

घरातला कारखाना

‘राजा हरिश्चंद्र’ दादरच्या घरात तयार झाला. सहा महिने आणि सत्तावीस दिवस लागले. हरिश्चंद्र दत्तात्रय दाबके, रोहिदास फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले. पडदे फाळक्यांनी रंगवले, पटकथा त्यांची, कॅमेरा, रंगभूषा, धुलाई, जुळणी त्यांची. दिवसा सूर्यप्रकाशात चित्रण, रात्री अंधारखोलीत फिल्म.

चित्रपटाची लांबी ३,७०० फूट होती. म्हणजे ५९,२०० चित्रं. भोकांचा हिशोब केला तर एका कडेला २,३६,८००. विकत मिळणाऱ्या कच्च्या फिल्मला भोकं नसत, ती घरी पाडावी लागत, आणि तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. निगेटिव्हला वेगळी, पडद्यावर दाखवायच्या प्रतीला वेगळी. हे काम सरस्वतीबाई शिकल्या आणि त्यांनी केलं. शिवाय रसायनं मिसळणं, चित्रणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड टाकणं, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. आपल्या गोष्टीत सरस्वतीबाई फक्त दागिने देतात. तो त्याग खराच आहे. पण दागिने कुणीही देऊ शकतं. पाव मिलिमीटरही न चुकता अंधारात हजारो फूट फिल्मला भोकं पाडणं हे कुशल कामगाराचं काम आहे. देशातल्या पहिल्या फिल्म-तंत्रज्ञांच्या यादीत त्यांचं नाव असायला हवं.

२१ एप्रिल १९१३ ला ऑलिम्पिया थिएटरात निवडक लोकांसाठी खेळ झाला आणि ३ मे ला कॉरोनेशनमध्ये चित्रपट लोकांसमोर आला.

इथे एक वाद नेहमी निघतो. दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ त्याच कॉरोनेशनमध्ये १८ मे १९१२ ला, म्हणजे जवळजवळ वर्षभर आधी लागला होता. मग पहिलं कोण? तोरण्यांचं श्रेय नाकारायचं कारण नाही. फरक घडणीचा आहे. ‘पुंडलिक’ हे रंगमंचावरचं नाटक कॅमेऱ्यासमोर केलेलं होतं, कॅमेरा चालवणारा इंग्रज होता आणि फिल्मची धुलाई लंडनला झाली. फाळक्यांकडे कोऱ्या फिल्मपासून पडद्यापर्यंत सगळी साखळी एका घरात होती. तोरण्यांनी चित्रपट केला. फाळक्यांनी चित्रपट करण्याची सोय इथे उभी केली. १९१७ मध्ये त्यांनी ‘चित्रपट कसा तयार करतात’ हे दाखवणारी फिल्मही काढली. गज्जरांच्या विद्यार्थ्याला शोभणारी गोष्ट : विद्या लपवायची नाही, दाखवायची.

आणि हे मी आज शोधून सांगतोय असंही नाही. ‘नवयुग’ मासिकात फाळक्यांनी स्वतः लेखमाला लिहिली. चित्रकला, वास्तुकला, फोटोग्राफी, नाटक आणि जादू या सगळ्यांचं शिक्षण आधी झालं होतं म्हणून आपल्याला हे जमलं, असा त्यांचा सूर आहे. आपण त्यातला ख्रिस्तपट तेवढा उचलला आणि बाकीचं सोडून दिलं.

त्या घडणीची मर्यादा

फक्त कौतुक करून थांबलो तर निबंध अर्धवट राहील. एकाच माणसाच्या अंगी सगळे हुन्नर, हे १९१२ मध्ये बळ होतं, कारण दुसरं कुणी नव्हतंच. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘लंका दहन’, ‘श्रीकृष्ण जन्म’, ‘कालिया मर्दन’ या सगळ्या चित्रपटांत ते बळ दिसतं. पण धंदा वाढला तशी कामाची वाटणी होऊ लागली. १९१८ मध्ये भांडवलदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली आणि भागीदारांशी पुन्हा खटके उडाले, जसे छापखान्यात उडाले होते. सगळं स्वतःच्या हाताने करायची सवय लागलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हातावर विश्वास टाकणं जड जातं. कारखान्यांत हे मी पुष्कळदा पाहिलंय.

मग १९३१ मध्ये बोलपट आला. आवाज हे नवं तंत्र होतं, ते कलाभवनात किंवा गोध्र्यात शिकलेलं नव्हतं. ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून केला, त्याला नंतर आवाज जोडावा लागला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकच खराखुरा बोलपट, कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते गेले, बरेचसे विस्मृतीत. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू व्हायला १९६९ साल उजाडावं लागलं.

आपल्यापुरतं

नाशिक म्हणेल फाळके आमचे, मुंबई म्हणेल आमचे. बडोद्याने या भांडणात पडायचं कारण नाही. आपला दावा वेगळा आहे. एका संस्थानिकाने कारागिरीची शाळा काढली, एका रसायनशास्त्रज्ञाने ती मातृभाषेत चालवली आणि एका हौशी पोराला प्रयोगशाळा मोकळी करून दिली. त्यातून काय निघेल हे त्यांच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. सिनेमा शिकवणारी शाळा त्यांनी काढली नव्हती, काढूही शकले नसते. त्यांनी हात तयार करून दिले. आज शाळा-कॉलेजांतल्या वर्कशॉपकडे आपण ‘मार्कांपुरतं’ म्हणून बघतो, तेव्हा हे आठवावं.

शेवटी वाचकांना एक विनंती. बडोदं, गोध्रा, दाहोद, लुणावाडा या भागातल्या आपल्या जुन्या घरांत १८९० ते १९०३ च्या दरम्यानचे फोटो अजूनही असतील. पुठ्ठ्यावर चिकटवलेले, पिवळे पडलेले, आजोबांच्या आजोबांचे. ते टाकून देण्याआधी पुठ्ठ्याची खालची कड आणि मागची बाजू नीट पाहा. फोटोग्राफरचं नाव आणि गाव बहुधा तिथेच छापलेलं असतं. नाव कुणाचंही निघो, मंडळाकडे त्याची नोंद जरूर द्या. फाळक्यांच्या पिढीतल्या फोटोग्राफरांचं काम आपल्याच ट्रंकांमध्ये पडून आहे.